गप्प बापाचा हिशेब

आपली चळवळ ही बोलणाऱ्यांची चळवळ आहे. ज्यांच्या तोंडाला पिढ्यानपिढ्या बूच मारलेलं होतं त्यांनी पहिलं काम तोंड उघडण्याचं करावं, हे बरोबरच झालं. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी पाक्षिक काढलं, त्याचं नाव 'मूकनायक'. १९२७ साली 'बहिष्कृत भारत'. तेव्हापासून आपल्यात माणूस मोजायची एक रीत पडली. कोण कसा बोलतो, किती बोलतो, कुणापुढं बोलतो. जयंतीच्या स्टेजवर कुणाचं भाषण रंगलं, मोर्च्यात घोषणा देऊन कुणाचा घसा बसला, कुणी साहेबाच्या टेबलावर हात आपटून जाब विचारला. ह्यावरनं कार्यकर्ता ठरतो. मी स्वतः कविता लिहिते, म्हणजे मीपण बोलणाऱ्यांतलीच.

मग जो माणूस बोलतच नाही, त्याला कशात मोजायचं?

हा प्रश्न मी हवेतून काढलेला नाही. माझा बाप न बोलणारा माणूस आहे. त्याचे दिवसभरातले शब्द मोजले तर पाळीत लावलेल्या कांड्यांच्या दहाव्या हिश्शालाही पुरणार नाहीत. आणि मी आज जी काही आहे, गिरणीत रिंगखात्यात उभी राहणारी, चार ओळी लिहिणारी, सभेत उठून प्रश्न विचारणारी, ती ह्या न बोलणाऱ्या माणसाच्या आधारानं आहे. ह्याचं काय करायचं?

आमच्या वस्तीत दर रविवारी आम्ही पाच-सात जण वाचायला बसतो. तिथं एकदा ह्यावर वाद पेटला. एक मैत्रीण म्हणाली, "बापानं शिकू दिलं, नोकरी करू दिली, ह्यात आभार कसले? हक्कच होता तुझा. हक्काबद्दल आभार मानणं म्हणजे गुलामी." एक वडीलधारे कार्यकर्ते म्हणाले, "असं बोलू नको पोरी. बापाचे पांग फेडायचे असतात. ते जन्मभर फिटत नाहीत." दोघंही मनापासून बोलत होते. मला दोघांचंही पटलं नाही. का पटलं नाही ते मांडायला हा कागद खर्ची घालते आहे.

आधी बाप कोण ते सांगते, नाहीतर विचार अधांतरी राहील.

बापाचं वय पन्नाशीच्या पुढं. इचलकरंजीत यंत्रमागावर त्याची तीस वर्षं गेली. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रातीची. मजुरी कापडाच्या मीटरावर. सूत तुटलं, वीज गेली, साचा बिघडला की मीटर पडत नाही आणि मीटर पडलं नाही की पैसा नाही. त्याचा बाप, म्हणजे माझा आजा, मुंबईच्या एका गिरणीत रिंगखात्यात होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागं घेतला असं कधी झालंच नाही. तो विरून गेला आणि माणसं विरून गेली. आजा गावाकडं परत आला. आजा भारी वक्ता होता म्हणतात. चाळीत बोलायला उभा राहिला की माणसं जेवणाचं ताट सोडून ऐकत. पण गावी आल्यावर ऐकायला कुणी नव्हतं आणि सांगायलाही काही उरलं नव्हतं. माझ्या बापानं लहानपणी दोन्ही पाहिलं. बोलणारा बाप आणि थंड चूल.

बाप गप्प का, ह्याचं एक उत्तर इथं असेल. पण एकच उत्तर नाही. आपण भौतिक कारणं शोधणारी माणसं. स्वभाव म्हणून विषय बंद करायचा आणि मोकळं व्हायचं, हे आपल्याला शोभत नाही.

साच्याच्या शेडमध्ये तुम्ही कधी उभे राहिलात का? आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल आवाज ही कायद्यानं घातलेली हद्द. धोट्याचे साचे खडखडत असतात तिथं आवाज त्याच्या वर जातो, आणि पाळी आठ तासांची नसते, बाराची असते. तिथं माणसं बोलत नाहीत. बोटांनी खुणावतात, ओठ वाचतात, भुवई उडवतात. जॉबरला बोलवायचं तर हात वर, कांड्या संपल्या तर दोन बोटं. तीस वर्षं असं काम केलेला माणूस घरी येऊन एकदम बोलका होईल का? त्याच्या कानात घरीसुद्धा साचा चालूच असतो. तुम्ही दोनदा हाक मारता, तिसऱ्यांदा तो वळतो. शेजारचे म्हणतात, घुम्या आहे. घुम्या नाही. त्याचे कान कापडात गेले.

आणखी एक कारण आहे. ते माझ्या बापाच्या आधीचं आहे. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आपल्या माणसांना साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, शिरू देत नव्हते. रिंगखात्यात घ्यायचे, तिथं पगार कमी. साचेखात्यात मजुरी बरी, तिथं दार बंद. कारण काय, तर कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून दोरा तोंडानं ओढून घ्यावा लागतो. अस्पृश्याची थुंकी दोऱ्याला लागली तर सवर्ण कामगार बाटणार! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं ठेवला. लाल बावट्याखालची एकजूट धोट्याच्या भोकापाशी येऊन अडकली होती, हे त्यांनी दाखवून दिलं.

म्हणजे बघा. आपलं तोंडच गुन्हा होतं. आपण बोललो तर उर्मट, थुंकलो तर विटाळ, दोरा ओढला तर कापड बाटलं. ज्या तोंडावर इतका पहारा होता ते तोंड एका पिढीत मोकळं होतं असं समजणं भाबडेपणाचं आहे. माझ्या बापानं तोच धोटा तीस वर्षं तोंडाला लावला. त्याच्या ओठातून ओढलेल्या दोऱ्याचं कापड कुणाकुणाच्या अंगावर गेलं असेल, कुणी विचारलं नाही. हा विजय आहे. पण ह्या विजयावर तो एक शब्द बोललेला मी ऐकला नाही. मी हे पुस्तकात वाचून त्याला सांगितलं तेव्हा त्यानं फक्त ओठांवरनं बोट फिरवलं.

तर गप्प असण्याला जात आहे, काम आहे, इतिहास आहे. पण कारण सांगितलं म्हणजे माफी मिळाली असं होत नाही. पुढचा प्रश्न नैतिक आहे. गप्प राहून हा माणूस करतो काय?

एक प्रसंग सांगते. मी सतराची होते. मामानं स्थळ आणलं. मुलगा शिपाई, पक्की नोकरी. घरात दहा माणसं, चहा, पोहे. सगळे बापाच्या तोंडाकडं बघत होते. बाप भिंतीकडं. बऱ्याच वेळानं म्हणाला, "अजून अठरा न्हाईत." मामा म्हणाला, "होतील की सहा महिन्यांत. तोवर बोलणी करून ठेवू." बाप म्हणाला, "मग तवा तिला इचारा." आणि उठून पाणी प्यायला गेला.

सहा महिन्यांनी मामा खरंच आला. मला विचारलं. मी नाही म्हणाले. आपल्या साहित्यात 'नकार' ह्या शब्दावर पुष्कळ लिहिलं गेलंय. माझा पहिला नकार हा होता. कागदावर नव्हता, चहाच्या कपबशांमध्ये होता, आणि तो ऐकायला दहा माणसं होती. त्यानंतर वस्तीत बोललं गेलं, "बापाला कणा नाही, पोरीवर सोडून मोकळा झाला." बापानं ते ऐकलं. उत्तर दिलं नाही.

आता विचार करा. बापाला भाषण करता आलं असतं. "माझी पोर शिकणार आहे, मी तिला इतक्यात देणार नाही," असं ठणकावलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. पण तो निर्णय कुणाचा झाला असता? बापाचाच. 'देणार' आणि 'देणार नाही' ही दोन्ही वाक्यं मालकाची आहेत. एकात मालक वाईट, दुसऱ्यात मालक चांगला. मुलगी दोन्हीकडं वस्तूच. बापानं मालकाचं वाक्यच उच्चारलं नाही. जागा रिकामी ठेवली आणि त्या जागेत मला बोलावं लागलं.

म्हणून माझं म्हणणं असं की गप्प बसण्याचे दोन प्रकार आहेत, आणि ते वरनं सारखे दिसतात. गावात आपल्या माणसाला मारतात तेव्हा चावडीवरचे बसून राहतात, तेही गप्पच असतात. भाऊ बहिणीवर हात उचलतो तेव्हा बाप पेपर वाचत बसतो, तोही गप्पच असतो. त्यांच्या गप्प बसण्यानं मारणाऱ्याचा हात मोकळा होतो. माझा बाप गप्प बसला तेव्हा माझं तोंड मोकळं झालं. कसोटी हीच लावायची. एकाच्या गप्प राहण्यानं कुणाला जागा मिळते, जोर असलेल्याला की जोर नसलेल्याला? त्याच्या मनात काय होतं ते खोदत बसायची गरज नाही. जागा कुणाला मिळाली ते बघा.

इथं एक धोका आहे, तो बायकांनी तरी विसरू नये. गप्प असण्याचा अर्थ लावण्यातसुद्धा पक्षपात चालतो. संस्कृतात म्हण आहे की मौन हे संमतीचं लक्षण. ती म्हण कुणाला लावतात? बघायच्या कार्यक्रमात मान खाली घालून बसलेल्या पोरीला. पोरगी गप्प, म्हणजे पोरगी राजी! आणि बाप गप्प असला की? तो खोल माणूस, त्याच्या पोटात माया आहे, दाखवत नाही एवढंच. बाईच्या गप्प राहण्यावर दुसरा सही करतो आणि पुरुषाच्या गप्प राहण्यावर कविता होतात. म्हणून बापावर लिहिताना मी पोटातल्या मायेबद्दल लिहिणार नाही. पोट मला दिसत नाही. हात दिसतात. हातांनी केलेलं तेवढं लिहिते.

आमची एक खोली, वर पोटमाळा. मी आठवीत असताना बापानं पोटमाळ्यावर एक दिवा ओढून दिला, वायर स्वतः ठोकली. रातपाळीच्या आठवड्यात तो दिवसा झोपायचा आणि मी शाळेतून येऊन तो दिवा लावायची. उजेड फळ्यांच्या फटींतून नेमका त्याच्या तोंडावर पडायचा. तो डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपायचा. दिवा बंद कर असं एकदाही म्हणाला नाही.

रद्दीच्या दुकानातून तो किलोवर पुस्तकं आणायचा. कुठलं पुस्तक चांगलं हे त्याला कळत नव्हतं, तो चौथी शिकलेला. म्हणून सगळंच आणायचा. मोटार दुरुस्तीची मार्गदर्शिका, नववीचा भूगोल, कव्हर फाटलेली कादंबरी जिच्यात शेवटची चाळीस पानं नव्हती, एका सहकारी बँकेचा वार्षिक अहवाल. मी सगळं वाचलं. अहवालसुद्धा. कर्ज कुणाला मिळतं आणि कुणाला मिळत नाही हे मला त्या अहवालातून पहिल्यांदा दिसलं. माझं विद्यापीठ हे असं. त्याचा कुलगुरू तराजूवर पुस्तकं घेणारा.

माझी पहिली कविता छापून आली तेव्हा मी त्याला वाचून दाखवली. त्यानं सगळी ऐकली. मग विचारलं, "कागदाला किती पडलं?" मी सांगितलं. पुढच्या पगाराला सायकलच्या कॅरियरला एक रीम बांधून आला. कवितेबद्दल आजपर्यंत बोललेला नाही.

हे सगळं खरं आहे. आता ह्याची दुसरी बाजू, तीही तितकीच खरी आहे.

दहावीनंतर मी अकरावीत नाव घातलं होतं. त्या वर्षी बापाला दम लागायला लागला, पाळ्या बुडायला लागल्या. घर चालेना. मी सूतगिरणीत लागले. त्या दिवशी त्यानं माझी सायकल उलटी करून साखळीला तेल दिलं. जा म्हणाला नाही, थांब म्हणाला नाही. सायकलला तेल मिळालं, मला शब्द मिळाला नाही. त्या दिवशी त्यानं बोलायला पाहिजे होतं. "तुझं शिक्षण माझ्यामुळं थांबलं" असं नको, तो दोष त्याचा नव्हताच. बारा तास राबवून घेऊन आजारपणाची एक सुट्टीही न देणाऱ्या धंद्याचा होता. पण "पुन्हा शिक" एवढे दोन शब्द पाहिजे होते. हात पुष्कळ करतात, पण काही गोष्टी फक्त शब्दच करू शकतात. जो समाज शब्दाला तहानलेला आहे त्यातल्या पोरीला हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि आई. आई कांडीवाली आहे. कांड्या भरण्याच्या मशीनवर तिनं बाविसेक वर्षं काढली. आईच्या हातची कांडी धोट्यात जाते तेव्हा कापड होतं. पण कापडाचं नाव निघतं तेव्हा विणणाऱ्याचं निघतं. मी बापावर लिहिते आहे असं तिला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "लिही की. तुझ्या डोक्यावर दिवा लावला त्यानं. माझ्या मोरीत अजून अंधारच हाय. कशी हायस म्हणून इचारलं न्हाई कधी."

दोस्तांनो, हे वाक्य कुठल्याही लेखापेक्षा जड आहे. ज्या गप्प राहण्यानं माझ्यासाठी जागा ठेवली त्यानंच आईची जागा खाल्ली. मला 'तिला इचारा' मिळालं. आईला कुणी विचारलं नाही, लग्नाच्या वेळी नाही आणि नंतरही नाही. मी बापाला हे बोलले. तो पुष्कळ वेळ गप्प राहिला आणि त्याचं तेवढं गप्प राहणं मी सोडून दिलं नाही, समोरच बसून राहिले. चार दिवसांनी मोरीत दिवा लागला. आई म्हणाली, "दिवा लावला. इचारलं न्हाईच."

बापाचं कौतुक आईच्या खात्यातून काढायचं नाही, हा पहिला नियम.

ह्याला आपल्या इतिहासातच मोठा दाखला आहे. सुभेदार रामजी सकपाळांनी भीमरावाला पुस्तकं कशी पुरवली हे आपण जयंतीला अभिमानानं सांगतो. रामजी काही गप्प माणूस नव्हते, पण पैशाच्या बाबतीत आपल्याच बापांसारखे होते. पैसा नसायचा. मग ते लग्न झालेल्या लेकींकडं जायचे. पैसे असले तर पैसे, नसले तर दागिना मागून आणायचे, गहाण टाकायचे, पेन्शन आली की सोडवून परत द्यायचे. हे बाबासाहेबांनी स्वतः सांगितलंय, चरित्रकारांनी लिहिलंय. आपण टाळ्या वाजवतो त्या रामजींसाठी, आणि वाजवल्याच पाहिजेत. पण दागिना कुणाच्या अंगावरचा होता? मंजुळा आणि तुळसा ह्यांच्या. पोराच्या पुस्तकामागं बाप उभा होता आणि बापामागं लेकी उभ्या होत्या. २ फेब्रुवारी १९१३ ला रामजी गेले आणि त्याच वर्षी बाबासाहेब अमेरिकेला गेले. बापानं ते पाहिलं नाही. लेकींचं नाव तर आपल्या भाषणांत येतच नाही.

आता मूळ वादाकडं येते. आभार मानणं गुलामी आहे का? आणि पांग जन्मभर फेडायचे का?

मैत्रिणीचं अर्धं बरोबर आहे. शिकणं, कमावणं, लग्नाला नाही म्हणणं हा माझा हक्क आहे, बापाचा प्रसाद नाही. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेब हजारो बायांपुढं बोलले ते ह्याच अंगानं. मुलींना शिकवा, लग्नाची घाई करू नका, बाईनं नवऱ्यापुढं मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभं राहावं. हिंदू कोड बिलात लेकीला वाटा पाहिजे म्हणून ते भांडले आणि बिल गुंडाळलं गेलं तेव्हा १९५१ साली मंत्रिपदावर लाथ मारून बाहेर पडले. वारसा कायदा झाला तो १९५६ ला. लेकीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं मुलाच्या बरोबरीचा हक्क देशभर मिळाला तो २००५ च्या दुरुस्तीनं. महाराष्ट्रानं हे १९९४ लाच केलं होतं. तर हक्क आहे. कायद्यात आहे.

पण हक्क कागदावर असतो तेव्हा त्याला पाय नसतात. तो कागदावरनं माझ्या पोटमाळ्यापर्यंत चालत आला नाही. कुणीतरी उचलून आणला. सरकारनं आणायला पाहिजे होता, समाजानं आणायला पाहिजे होता. दोघांनी आणला नाही. ज्याला कुणी ओझं दिलं नव्हतं अशा माणसानं तो आपल्या खांद्यावर घेतला, त्यापायी वस्तीची बोलणी खाल्ली, झोप मोडली. ओझं कुणाचं होतं आणि वाहिलं कुणी, हा फरक मैत्रिणीच्या वाक्यात हरवतो. माझ्या बापाकडं मला वाटा द्यायला जमीन नाही, घर नाही. जे होतं ते दिलं. टॉवेलखालची चार तासांची झोप.

आता वडीलधाऱ्यांचं. पांग फेडायचे म्हणजे कर्ज मानायचं. आपल्या लोकांना कर्ज म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. कर्ज म्हणजे सावकार. कर्ज म्हणजे बापानं घेतलेल्या चार पायली जोंधळ्यांपायी लेकानं सालगडी राहायचं. जन्मभर न फिटणारं कर्ज ही कल्पनाच मुळात सावकाराची आहे. आणि घरातही ती तशीच चालते. "एवढं शिकवलं, आता आम्ही म्हणतो तिथं लग्न कर." "एवढं केलं तुझ्यासाठी, आता पगार हातात दे." हा बाप नाही, हा वसुलीला आलेला माणूस आहे. बुद्धानं सिगालाला गृहस्थाचा धर्म सांगितला त्यात लेकरांची आईबापाकडची कर्तव्यं सांगितली आणि आईबापांची लेकरांकडची कर्तव्यंही सांगितली. दोन्ही बाजूंनी. एकानं द्यायचं आणि दुसऱ्यानं जन्मभर वाकायचं असं तिथं नाही. जिथं कर्तव्यं दुतर्फा असतात तिथं सावकार तयार होत नाही.

माझ्या बापानं मला कधी बिल दाखवलं नाही. त्याच्या गप्प राहण्यातली ही गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. त्यानं केलेलं त्यानं कधी मोजून दाखवलं नाही. हा लेखसुद्धा मी त्याला विचारून लिहिला तेव्हा तो म्हणाला, "माजं काय लिव्हायचं त्यात?"

म्हणून मला तिसरा शब्द पाहिजे. आभार नको, पांग नको. कदर. कर्ज फेडलं की नातं संपतं, नाही फेडलं तर मान वाकते. कदरीत दोन्ही नाही. कदर म्हणजे दुसऱ्यानं काय वाहिलं ते नीट डोळे उघडून बघणं, त्याचं वजन बरोबर सांगणं, कमी नाही आणि जास्त नाही. वजन बरोबर सांगायचं म्हणजे सायकलच्या तेलाचं आणि मोरीतल्या अंधाराचंही सांगायचं. आंधळी कदर म्हणजे भक्ती, आणि भक्तीबद्दल बाबासाहेबांनी आपल्याला १९४९ सालीच संविधान सभेत सावध केलंय. ते राजकारणाबद्दल बोलत होते. मी ते उंबऱ्याच्या आत आणते एवढंच.

शेवटी चळवळीतल्या भावांना थोडं बोलते. राग आला तर येऊ द्या.

तुम्ही स्टेजवर सावित्रीमाई आणि रमाई सांगता तेव्हा अंगावर काटा येतो. पण तुमच्यातल्या कितीजणांच्या घरी आठच्या पुढं बहीण बाहेर राहिली तर दारात जाब विचारला जातो? कितीजणांच्या बायका तुमच्या सभेला येतात, चहा करायला सोडून? माझ्या बापानं स्त्रीमुक्तीवर एक वाक्य उच्चारलं नाही. तो शब्द त्याला माहीत असेल असंही मला वाटत नाही. पण दहा माणसांत 'तिला इचारा' म्हणताना त्यानं जे केलं ते तुमच्या तासाभराच्या भाषणात होत नाही. बोलू नका असं मी म्हणत नाही. बोलाच. बोलणं थांबलं तर आपण परत चावडीच्या पायरीखाली जाऊ. पण बोलणाऱ्यानं आपल्या घरात कुणासाठी जागा सोडली तेही मोजा. आणि न बोलणाऱ्याला चळवळीबाहेर काढू नका. मोर्च्याच्या मागच्या टोकाला सायकल धरून चालणारी, वर्गणीची पावती न मागणारी, फोटोत नसणारी जी माणसं असतात, त्यांच्यावर मोर्चा उभा असतो.

आणि बहिणींनो, बाप गप्प असेल तर त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ तुमचे तुम्ही लावत बसू नका. विचारा. समोर बसून विचारा. आईला विचारलंस का, हेही विचारा. आपल्या आजे-पणज्यांच्या तोंडाला ज्यांनी बूच मारलं त्यांच्याशी आपलं भांडण आहेच. पण ते बूच घरात निघायचं राहिलं असेल तर ते काढायचं काम लेकीचंही आहे. बापानं मला बोलायला जागा दिली. त्या जागेवर उभी राहून मी आता त्यालाच बोलतं करणार आहे. कारण ज्या माणसाचं तोंड एके काळी दोऱ्यालासुद्धा लागू दिलं जात नव्हतं, त्यानं म्हातारपणी आपल्या बायकोला "कशी हायस?" एवढं तरी विचारावं, असं मला वाटतं. ते वाक्य माझ्या घरात अजून यायचं आहे.

जय भीम.